ब्लोअर परत पाठवला तो दिवस

गौरी-गणपती उरकले आणि बागेच्या वरच्या अंगाला पिठ्या ढेकूण दिसला, झाडाचा रस शोषणारी कीड. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत कापसासारखा पांढरा थर, पानांवर काळी काजळी. माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यानं एक फळ हातात घेतलं आणि न बोलता खाली ठेवलं.

बार्शी तालुक्यात आमची तीन एकर सीताफळाची बाग आहे. मुरमाड रान, बाळानगर जात. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चार वर्षांपूर्वी ती माझ्याकडे सोपवली तेव्हापासून रासायनिक औषध बंद आहे. झाडाखालचं गवत मी उपटत नाही, कापून तिथंच अंथरते. छाटणी बेताची. सीताफळाला तशी माणसाची गरज कमीच. पाला इतका कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

पण त्या संध्याकाळी मामा म्हणाले, "उद्या सातला फवारणीचा ब्लोअर येतोय. औषध मी आणलंय. एवढ्या बारी मारू, मग कर तुझं सेंद्रिय." मला उत्तर सुचलं नाही. सोसायटीचं कर्ज त्यांच्या नावावर आहे.

सकाळी साडेपाचला भिंग घेऊन बागेत गेले. निदान किती ओळींवर मारायचं तेवढं तरी ठरवावं म्हणून. तिसऱ्या ओळीत एका फळावर मोठा पांढरा ढेकूण दिसला, आणि तो चालत होता. पिठ्या ढेकूण असा भराभर चालत नाही. बाभळीच्या काट्यानं त्याला हळूच कलतं केलं, भिंग धरलं. अंगावर मेणाचे लांब धागे, आकारानं बाकीच्यांच्या तिप्पट, आणि तोंडात एक ढेकूण धरलेला.

क्रिप्टोलीमसची अळी! ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. काळं अंग, डोकं तांबूस. त्याची अळी ढेकणावरच जगते आणि दिसते हुबेहूब ढेकणासारखी. मागच्या वर्षी प्रयोगशाळेतून एक डबी आणून मी हे भुंगेरे संध्याकाळी बागेत सोडले होते. नंतर दिसलेच नाहीत, म्हणून मेले असं धरून चालले होते.

मग झाडं मोजायला लागले. वीस झाडं बघितली, तेरा झाडांवर अळ्या. उरलेल्या सात झाडांवर एकही नाही, आणि त्या सातही खोडांवर मुंग्यांची दाट रांग. ढेकूण जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्या पितात आणि बदल्यात त्याच्या शत्रूला हाकलतात. काजळी त्याच चिकट्यावर वाढते. म्हणजे मला रोखायच्या होत्या त्या मुंग्या. हे वाचलेलं होतं, पण खोडाजवळ उकिडवं बसल्यावर ते पहिल्यांदा खरं दिसलं.

ट्रॅक्टर आला. "वहिनी, टाकी भरलीय, कुठून सुरू करू?" मी मामांच्या हातात भिंग दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "ही बी पांढरीच की गं."

"पांढरी आहे, पण ढेकूण खाणारी आहे, मामा. ढेकूण खाचेत दडलाय, ही उघड्यावर फिरतीय. फवारलं तर आधी हीच मरंल."

त्यांना पटलं नव्हतं. "दहा दिवस. वर एक दिवस नाही." ड्रायव्हरला डिझेलचे पैसे दिले आणि ब्लोअर माघारी गेला.

त्या दहा दिवसांत मला धड झोप लागली नाही. मुंग्यांना वर चढायला वाट राहू नये म्हणून जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, खोडाला लागलेलं तेवढंच गवत काढलं. सात झाडांच्या खोडांना प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वरून ग्रीस लावलं. सालीला थेट ग्रीस लावायचं नसतं. फार बिघडलेली फळं तोडली, पण त्यांच्यावरच्या अळ्या मऊ ब्रशनं उचलून त्या सात झाडांवर नेऊन सोडल्या. वरच्या दोन ओळींचा माल त्या साली गेलाच. ते नुकसान आम्ही सोसलं.

दहाव्या दिवशी मामा माझ्या आधी बागेत होते, भिंग डोळ्याला लावून. मी ब्रश पुढं केला, तर त्यांनी माझा हात अडवला.

"ह्या फांदीवर चार-पाच ढेकूण राहिल्यात. असू दे. तिला खायला नको का?"