तुम्ही विचारलेत म्हणून: ते पान कोणाचे?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कार्यालयात मुलाखतीला येणारी मुले, नवे ग्राहक आणि अलीकडे नातेवाईकसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात: तुमच्या सोसायटी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले तुलनेचे पान तुम्ही वाशीच्या त्या छोट्या कंपनीकडून उचललेत, हे खरे का? आजवर मी दर वेळी निम्मेच उत्तर दिले.

होय, कल्पना त्यांची होती. बिले सभासदांकडे जाण्यापूर्वी प्रत्येक सदनिकेचे मागचे आणि चालू बिल खजिनदाराला शेजारी शेजारी दाखवायचे आणि रक्कम जिथे बदलली तिथे कारण लिहायचे, एवढीच ती कल्पना. लिफ्टमध्ये गाठून कोणी “बिल का वाढले?” असे विचारले, तर खजिनदाराकडे उत्तर तयार असे. इतकी वर्षे याच कामात राहून मला ते सुचले नाही, याचे वाईट आजही वाटते.

कल्पना घेण्यात अपराध नाही, हे मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. स्वामित्वहक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. १९७९ मध्ये आलेल्या व्हिसिकॅल्क या संगणकावरच्या सुरुवातीच्या स्प्रेडशीटचे पेटंट घेतलेले नव्हते. त्याच कल्पनेवर लोटस कंपनीचे १-२-३ हे सॉफ्टवेअर उभे राहिले, आणि पुढे त्याच लोटसने आपल्या मेनूची नक्कल केली म्हणून बोरलँड या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीला न्यायालयात खेचले. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने मेनूची रचना ही काम करण्याची पद्धत ठरवून बोरलँडच्या बाजूने निकाल दिला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्यामुळे तोच निकाल कायम राहिला. हा सगळा इतिहास मी विचारणाऱ्यांना ऐकवत आलो आहे. मात्र २०१२ मध्ये आमच्याकडून गेलेल्या एका मुलाने न वटलेल्या धनादेशाची नोंद उलटवण्याची आमची सोय स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, तेव्हा चार लोकांसमोर त्याला चोर म्हणणारा मीच होतो, हे मी कोणाला सांगितले नाही.

आता उरलेले निम्मे. २०१७ मध्ये कोपरखैरण्याच्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी ओळखीखातर मला वाशीच्या त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा त्यांचा पासवर्ड दिला. मी रात्रभर बसून ते सॉफ्टवेअर पाहिले, पडद्याची छायाचित्रे घेतली आणि सकाळी ती आमच्या प्रोग्रामरपुढे ठेवली. चार आठवड्यांत आमचे पान तयार झाले.

दोन महिन्यांनी ती कंपनी चालवणाऱ्या बाई लोकलने ठाण्याला आल्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी दोन छापील कागद माझ्या टेबलावर ठेवले, एक त्यांचा आणि एक आमचा. दोन्हींवर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सदनिका भाड्याने दिली की मालकाला लागणारे शुल्क, सर्वांत वर होते. सेवाशुल्क, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड त्याखाली. एरवी बिनभोगवटा शुल्क बिलात खाली कुठेतरी असते. “सर, हे वर का आहे, सांगाल?” असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. आमच्या प्रोग्रामरने पाहिले तसे केले होते, आणि मी एकदाही विचारले नव्हते. मग त्यांनीच सांगितले. त्यांच्या पहिल्या ग्राहक सोसायटीत निम्म्या सदनिका भाड्याने दिलेल्या होत्या. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते, त्यामुळे सेवाशुल्क वाढले की तेही वाढते, आणि परगावी राहणाऱ्या घरमालकांचे फोन सर्वांत आधी त्यावरूनच येतात. ते कळायला त्या तीन महिने रोज संध्याकाळी त्या सोसायटीच्या कार्यालयात बसल्या होत्या. “पान घेतलेत ते घेतलेत, पण माझ्या ग्राहकाच्या पासवर्डने आलात,” एवढे म्हणून त्या उठल्या. मी त्यांना चहाही विचारला नाही.

त्या रात्री मी बोरलँडचाच आधार शोधत होतो आणि तो सापडला नाही. बोरलँडने लोटसच्या मेनूचा क्रम ठेवला, कारण लोटस वापरणाऱ्यांच्या हाताला त्याची सवय होती आणि त्यांनी लिहिलेले मॅक्रो, म्हणजे आज्ञांच्या तयार साखळ्या, चालू राहायला हव्या होत्या. माझ्या एकाही ग्राहकाला त्या क्रमाची सवय नव्हती. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सॉफ्टवेअरचे निरीक्षण करून त्यामागच्या कल्पना जाणून घेण्याची मुभा आहे, पण ते सॉफ्टवेअर ज्या कामासाठी दिले गेले, ते काम करताना. ते त्या सोसायटीला बिले काढण्यासाठी दिले होते, मला पाहण्यासाठी नव्हे.

तरीही मी ते पान काढले नाही. क्रम बदलला, आमच्या तीन ग्राहकांकडे जाऊन बसलो, आणि बदललेल्या रकमेवरून थेट सभेच्या ठरावापर्यंत जाता येईल अशी सोय केली, जी त्यांच्याकडे नव्हती. पुढे तीही त्यांच्याकडे आली, आणि मला राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. ज्या खजिनदारांकडे बिले सभासदांकडे पोहोचण्याआधी तपासायची सोय नव्हती, त्यांच्याकडे ती आमच्यामुळे पोहोचली, हेही खरे आहे. पण ते मी स्वतःला सोयीचे म्हणून सांगतो की पटते म्हणून, हे मला ठरवता आलेले नाही.

कोपरखैरण्याच्या त्याच सोसायटीने आता आमच्याकडे दरपत्रक मागितले आहे. भागीदाराच्या मते यात विचार करण्यासारखे काही नाही. दरपत्रक तयार आहे, गेले तीन आठवडे ते माझ्याच खणात आहे.