बोक्याचा जमाखर्च

२८ जून, रात्र

मांजर पाळायचं ठरलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "त्याला असं लागून लागून कितीसं लागणार?" उत्तर मिळतं ते खाण्याच्या पाकिटावरची किंमत बघून, आणि इथेच हिशेब चुकायला लागतो. वहीत तीन पानं करावीत: एक दरमहाचं, एक वर्षाचं, आणि एक अचानक येणाऱ्या खर्चाचं. तिसरं पान बहुतेकांच्या वहीत नसतंच.

हिशेबाला एक मांजर समोर ठेवू. पुण्यातला फ्लॅट, घरातच राहणारा, नसबंदी झालेला, ४ किलोचा देशी बोका. खाली धरलेले भाव ढोबळ आहेत. शहर, दुकान आणि डॉक्टर बदलले की आकडेही बदलतील. आपले भाव घालून गणित पुन्हा मांडावं.

आधी खाणं. अशा बोक्याला दिवसाला साधारण २२० ते २४० कॅलरी पुरतात. ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे नुसतं ड्राय द्यायचं तर दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला १.८ किलो. किलोला ४५० रुपये धरले तर ८१० रुपये. स्वस्त वाटतं, पण ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम १० टक्के असतं आणि मांजर मुळातच पाणी कमी पितं. बोक्यांच्या बाबतीत हे पुढे महागात पडू शकतं, त्याबद्दल तिसऱ्या पानावर. म्हणून ५० ग्रॅम ड्राय आणि ओल्या खाण्याच्या ८५ ग्रॅमच्या पाऊचमधला अर्धा हा मधला मार्ग बरा: महिन्याला दीड किलो ड्रायचे ६७५ आणि १५ पाऊचचे, ४५ रुपयांप्रमाणे, ६७५. एकूण १३५०. उरलेला अर्धा पाऊच झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. गार खाणं मांजर हुंगून सोडून देतं. वाटी गरम पाण्यात दोन मिनिटं धरली की वास सुटतो आणि पाऊच वाया जात नाही.

ग्रॅम काट्यावर मोजायचे, मुठीने किंवा वाटीने नाही. नसबंदीनंतर मांजराची गरज २० ते ३० टक्क्यांनी उतरते आणि भूक मात्र उतरत नाही. रोज १० ग्रॅम जास्त म्हणजे महिन्याला ३०० ग्रॅम. पैसे जातात ते जातात, वर लठ्ठपणा, त्यातून मधुमेह.

खाण्यात काटकसर करायला गेलं की हमखास फसणारे तीन प्रकार आहेत. एक, सात किलोची मोठी बॅग. किलोमागे स्वस्त पडते हे खरं, पण आपल्या बोक्याला ती साडेचार महिने पुरणार. उघडलेल्या बॅगेतली चरबी खवट होते, आणि जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बुरशीची भर. एका मांजराला दोन किलोच्या आसपासची बॅग योग्य. ती मूळ बॅगेसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे मुदत आणि बॅच नंबरही हाताशी राहतात.

दोन, दूध-पोळी किंवा भात आणि उकडलेली मांदेली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांजरं यावर वाढली, पण ती दिवसभर बाहेर उंदीर-पाखरं मारून खात होती, हे विसरलं जातं. मांजराच्या शरीरात टॉरिन हे गरजेचं अमिनो आम्ल पुरेसं तयार होत नाही. ते मांसातूनच मिळावं लागतं आणि मांस उकडलं की बरंचसं पाण्यात उतरतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल होतात, डोळ्यांचा पडदा खराब होतो. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये उघड झाला, त्यानंतर तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. घरची उकडलेली कोंबडी अधूनमधून जरूर द्यावी, बिनमिठाची, कांदा-लसूण न घालता, आणि ती ज्यात उकडली ते पाणीही द्यावं. ती रोजच्या जेवणाच्या जागी मात्र नको.

तीन, स्वस्त ब्रँडवर एका रात्रीत उडी. मांजर नवं खाणं नाकारतं आणि मालक म्हणतो, भूक लागली की खाईल. मांजराच्या बाबतीत हा हट्ट धोक्याचा आहे. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात, चरबी साठते आणि नळीने भरवण्यापर्यंत वेळ येते. बदलायचंच तर सात ते दहा दिवस घ्यावेत: पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण.

२९ जून

लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची माती. बेन्टोनाइटची, ओली झाली की गोळा होणारी चिकणमाती महिन्याला दहा किलो धरावी, ५५० रुपये. ट्रेमध्ये थर पाच ते सात सेंटिमीटर हवा. पैसे वाचवायला दोन सेंटिमीटर घातला तर लघवी तळाला चिकटते, गोळा फुटतो, वास सुटतो आणि सगळा ट्रे टाकून द्यावा लागतो. कमी घालणाऱ्याला लिटर जास्त लागतं, ते असं. दिवसातून दोनदा स्कूपने गोळे काढले तर पूर्ण ट्रे बदलायला तीन-चार आठवडे निघतात.

हे गोळे संडासात टाकू नयेत. बेन्टोनाइट पाण्यात फुगतं आणि पाइपात बसतं. प्लंबरचं बिल मग कोणत्या पानावर लिहायचं? लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, स्वस्त पडतात, पण मोठं मांजर त्यावर पाय ठेवायला कुरकुरतं. आधी दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवून बघावं. नियमाने मांजरं असतील त्याहून एक ट्रे जास्त लागतो, म्हणजे एका बोक्यालाही दोन.

पहिल्या पानाची बेरीज: १३५० अधिक ५५० अधिक किरकोळ १००, म्हणजे २००० रुपये.

३० जून

वर्षाचं पान. ट्रायकॅट या तीन आजारांवरच्या लसीचा डोस १०००, रेबीज ३००, तपासणी ५००, तीन महिन्यांनी एकदा जंताचं औषध, वर्षाचे २४०. सगळं मिळून दोन हजार चाळीस. ट्रायकॅटचं बूस्टर दरवर्षी लागतंच असं नाही. सगळे सुरुवातीचे डोस आणि वर्षाचं बूस्टर झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला तीन वर्षांनी चालतं, असं जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. डॉक्टरांना सरळ विचारावं. रेबीज मात्र चुकवू नये.

या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा औषधाचा नसतोच. गणपतीला गावी सात दिवस, दिवाळीत पाच, असे बारा दिवस बोर्डिंगचे ५०० रुपयांनी ६०००. वरच्या बेरजेच्या जवळपास तिप्पट! बहुतेक ठिकाणी लसीचं पुस्तक दाखवल्याशिवाय घेत नाहीत आणि सणाच्या आधी जागा भरतात. शेजारची ओळखीची व्यक्ती दिवसातून दोनदा येऊन खाणं, पाणी, लिटर बघणार असेल तर मांजराला तेच मानवतं. जागा बदलली की मांजर बिथरतं, माणसं बदलली तर तितकं नाही.

पहिल्या वर्षाचा भार वेगळा. पिल्लाला आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात ट्रायकॅट, बाराव्या आठवड्यानंतर रेबीज. नसबंदी खासगी दवाखान्यात ५००० धरावी. प्राणिमित्र संस्थांच्या शिबिरात बरीच कमी. पाचव्या महिन्याच्या आत उरकावी. बोक्याने एकदा भिंतीवर फवारे मारायला सुरुवात केली की नंतरच्या शस्त्रक्रियेने सवय जाईलच याची खात्री नाही, आणि भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. गाभण राहिली की सुमारे ६५ दिवसांत चार तोंडं वाढली.

कॅरिअर म्हणजे मांजर न्यायची पेटी, दोन ट्रे, स्कूप यांचे २५००. खिडक्या आणि बाल्कनीच्या जाळीचे ५००० वेगळे ठेवावेत, पिल्लू येण्याच्या आधी. डासांची नायलॉन जाळी बोका नखाने फाडतो आणि कबुतरांच्या जाळीच्या भोकातून पिल्लाचं डोकं जातं. स्टीलची बारीक जाळी एकदाच खर्चिक. नखं घासायच्या महागड्या खांबाचं मात्र काही अडत नाही. लाकडी ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली, उंची तीन फुटांच्या आसपास ठेवली आणि बूड जड केलं की झालं. डुगडुगला तर बोका त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि सोफ्याकडे वळतो.

१ जुलै

तिसरं पान. यावर २५,००० रुपये हवेत. हा आकडा एका विशिष्ट आजारावरून धरलाय: बोक्याची लघवी अडकणं. बोक्याची मूत्रनलिका लांब आणि शेवटाला फार अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकून ती बंद झाली की लघवी साठते, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात. लक्षणं अशी: ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाणं, कुंथणं, ओरडणं, थेंबही न पडणं, मागचा भाग सतत चाटणं, मग उलट्या. घरचे समजतात की बद्धकोष्ठ झालंय आणि सकाळपर्यंत थांबतात. ट्रेमधला लघवीचा गोळा दिसत नसेल तर रात्रीच निघावं. भूल, कॅथेटर, रक्ततपासणी, सलाईन, दोन-तीन दिवस भरती: पंधरा-वीस हजार सहज होतात आणि पुन्हा अडकण्याची शक्यता राहते.

इथे तिसरं पान पहिल्या पानात घुसतं. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं लघवीच्या त्रासाचं खाणं सुरू होतं, ते साध्याच्या दुप्पट भावाचं. १३५० चे २७०० होतात, बहुधा कायमचे. पाण्याच्या तीन-चार वाट्या घरभर ठेवणं, त्या रोज बदलणं, खाण्यात थोडं कोमट पाणी मिसळणं याला जवळपास काही लागत नाही आणि धोका कमी होतो.

रक्कम साठवायची रीत: सुरुवातीला १०,००० बाजूला, मग दरमहा १०००, पंधरा महिन्यांत पंचवीस पुरे. मुदत ठेवीत अडकवू नयेत. रात्री अकराला मोबाइलवरून देता येतील अशा वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत. मांजरांचा विमा निघतो, पण आधीचा आजार आणि सुरुवातीचे ठरावीक दिवस त्यात धरत नाहीत, हे वाचून मगच घ्यावा. पैसे खरोखर कमी असतील तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हा पहिला दरवाजा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, लोक ज्याला अजून बैलघोडा म्हणतात.

आणि दात कोरून पोट भरणाऱ्यांसाठी दोन ओळी. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नये. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर झटके येतात, जीवही जातो. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल देऊ नये, एक गोळीही मांजराला मारू शकते.

२ जुलै

दहा वर्षांनंतर वर्षाच्या पानावर रक्त आणि लघवीची तपासणी वाढते, कारण म्हाताऱ्या मांजराची किडनी हळूहळू खालावते आणि मांजर ते लपवतं. पहिली खूण काट्यावर दिसते, आणि ती फुकट आहे. दर महिन्याच्या एक-दोन तारखेला वजन करून ते याच वहीत, खर्चाच्या बेरजेशेजारी लिहावं. ४ किलोचा बोका ३.६ वर आला म्हणजे १० टक्के घट. डोळ्याला दिसत नाही, पण डॉक्टरांकडे जायला तेवढी पुरे. माणसाने उचलून घेऊन बाथरूम काट्यावर उभं राहिलं तर शे-दोनशे ग्रॅमची चूक होते. सामान मोजायचा हुकाचा डिजिटल काटा कॅरिअरच्या मुठीला अडकवून उचलावा. रिकाम्या कॅरिअरचं वजन आधी करून ते वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवावं.