डग्ग्याचा घुमारा आणि कानामागचं हाड

मी सांगलीत राहतो आणि नोकरीसाठी रोज एसटीनं कोल्हापूरला जातो. जयसिंगपूर, हातकणंगले करत साधारण दीड तास. या दीड तासात मी सरांच्या तबल्याच्या शिकवणीची ध्वनिमुद्रणं ऐकतो. कायदा (ठरलेली बोलरचना), त्याचे पलटे, मध्येच सर थांबून एखादा बोल हातानं नाही तर तोंडानं म्हणून दाखवतात, तेही. तबल्याच्या कडेची चाट आणि तिच्या आतली लव एसटीतही स्वच्छ ऐकू यायची. यायचा नाही तो डग्गा, जोडीतला खर्जाचा. मनगट पुढं सरकवून सर जी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा नाद, काढतात, ती इंजिनाच्या घरघरीत विरून जायची. डग्ग्याचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो, आणि बसचा गोंगाटही नेमका तिथंच दाटलेला असतो. मग मी आवाज वाढवायचो. जयसिंगपूर सुटलं की आणखी एक पायरी.

गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली आणि डावा कान दडा बसल्यासारखा झाला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ५१२ हर्ट्झचा स्वरकाटा वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या बाजूला जास्त येतोय?" मी उजवीकडे म्हणणार होतो, कारण चांगला कान तो. पण आवाज स्पष्टपणे डावीकडे येत होता, बंद पडलेल्या कानात. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, तसाच यायला हवा. ही वेबरची चाचणी, १८३४ पासूनची. हाडातून आलेला आवाज बंद कानात अडकून मोठा लागतो. कानात मळाचा खडा होता. तो निघाला आणि दोन मिनिटांत जग उघडलं.

मी रोज इतका वेळ कानात काही घालून बसतो हे कळल्यावर त्यांनी श्रवणचाचणीही करून घ्यायला सांगितली. त्या काचेच्या खोलीत एक तरुण मुलगी होती. आधी नेहमीचा हेडफोन, मग तो काढून कानामागच्या हाडावर एक छोटा चौकोनी ठोकळा. "काका, हा जरा घट्ट बसेल हं. आवाज आला की बटण दाबा." स्टीलच्या पट्टीनं तो ठोकळा खरोखरच घट्ट दाबला गेला होता. इतका की पाच मिनिटांनी तिथं वळ उठल्यासारखं वाटलं. मी विचारलं, एवढं दाबायला का लागतं? ती म्हणाली, दाब कमी झाला तर कंपन हाडात उतरतच नाही, म्हणून त्याचं प्रमाणच ठरलेलं आहे, साधारण ५.४ न्यूटन. म्हणजे अर्धा किलोपेक्षा जरा जास्त वजन टेकवल्यासारखं. हा आकडा मी घरी येऊन वहीत लिहून ठेवला. पुढचे तीन महिने तोच माझ्या कामी आला.

अहवालात हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या रेषा एकमेकींवर बसत होत्या, म्हणजे पडदा आणि मधला कान ठीक. पण डाव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी किंचित खड्डा होता. मोठ्या आवाजाची पहिली खूण बऱ्याचदा तिथंच उमटते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि मी एसटीत ८० च्या खाली नक्कीच नव्हतो. आवाज न वाढवता डग्गा ऐकू यायला हवा, एवढंच मग माझं मागणं उरलं.

माझा भाचा वालचंद कॉलेजात शिकतो आणि त्याला आयईएमचं, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या वायरवाल्या हेडफोनचं, भारी वेड. त्यानंच मला बोन कंडक्शन ड्रायव्हरबद्दल सांगितलं (ड्रायव्हर म्हणजे हेडफोनमधला आवाज निर्माण करणारा भाग). नेहमीच्या ड्रायव्हरसोबत त्याच कवचात कंपन करणारा आणखी एक घटक बसवतात, आणि तो खालचे स्वर (काही जणांत वरचेही) हाडावाटे पोचवतो असा दावा असतो. युनिक मेलडी कंपनीच्या मेस्ट या आयईएममध्ये हे आहे, पण तो फारच महाग. बीक्यूईवायझी कंपनीच्या विंटरमध्ये १२ मिलिमीटरच्या डायनॅमिक ड्रायव्हरला ११.६ मिलिमीटरचा बोन कंडक्शन ड्रायव्हर जोडलेला आहे. तोही माझ्या खिशाबाहेरचा. मात्र आता दहा हजारांच्या आतही असे नग मिळतात. अलीएक्सप्रेस हे चिनी विक्रीचं संकेतस्थळ २०२० पासून आपल्याकडे बंद, त्यामुळे इथल्या विक्रेत्याकडूनच घ्यावं लागतं आणि थोडे जास्त मोजावे लागतात.

तीन महिन्यांत माझ्या हातातून चार वस्तू गेल्या. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण प्रत्येकाचा एकेकच नग मी पाहिला आणि एका नगावरून कुणाला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर नाही. एक, एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा साधा आयईएम, सोळाशे रुपयांचा. दोन, बोन कंडक्शन ड्रायव्हर असलेला, सात हजार आठशेचा. तीन, तेराशे रुपयांचा ब्लूटूथ पट्टा, म्हणजे कानात न घालता कानासमोर टेकवायचा हेडफोन, ज्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात बोन कंडक्शन लिहिलं होतं. आणि चार, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा, तो रोज पहाटे पळायला जातो, त्याच्याकडून दोन आठवड्यांसाठी मागून आणलेला नावाजलेला पट्टा.

तेराशेवाल्याचा निकाल एका मिनिटात लागला. स्वरकाट्याची गोष्ट डोक्यात ताजी होती. पट्टा लावला, तानपुरा सुरू केला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज गेला, जवळपास सगळा. आवाज खरोखर हाडातून येत असता तर कान बंद केल्यावर तो वाढला असता, खालचे स्वर तर हमखास. हा पट्टा म्हणजे कानासमोर लटकवलेला छोटा स्पीकर होता, बाकी काही नाही. सहकाऱ्याच्या पट्ट्यावर हीच चाचणी केली आणि बोटं घातल्याक्षणी तानपुऱ्याचा खर्ज भरून आला. तेराशेवाला दुसऱ्या दिवशी परत पाठवला. विकत घेताना निदान एवढी चाचणी प्रत्येकानं करावी, बोटांशिवाय काही लागत नाही. अशा खोक्यांवर काहीही छापलेलं असतं आणि लोक ऐकू कमी येणाऱ्या आईवडिलांसाठी ते आशेनं घेतात, याचा मला राग येतो.

आयईएमची तुलना मात्र सोपी नव्हती. पहिल्या दिवशी मी बोन कंडक्शनवाला कानात घातला आणि खूश झालो. डग्गा आला! भाचा म्हणाला, "मामा, तो नुसता मोठा वाजतोय. आधी आवाज सारखे करा की." दोन हेडफोनांत जो थोडा मोठा वाजतो तो कानाला सरस वाटतो, हे मला माहीत नव्हतं. मग सलाईनच्या नळीचा छोटा तुकडा घेऊन एक टोक आयईएमच्या नळीवर आणि दुसरं फोनच्या माइकवर बसवलं, १००० हर्ट्झचा सूर वाजवला, आणि आवाज मोजणाऱ्या ॲपवर दोन्हींचा आकडा सारखा येईपर्यंत पातळी जुळवून खुणा करून ठेवल्या. ॲपचा आकडा खरा डेसिबल नसतो, पण दोघांना एकाच मापानं मोजायला पुरतो. पातळी जुळल्यावर पहिल्या दिवशीचा निम्मा आनंद ओसरला.

उरलेला निम्मा ओसरला तो टिप्समुळे. साध्या आयईएमसोबत आलेल्या सिलिकॉनच्या टिप्स, म्हणजे कानात शिरणाऱ्या मऊ टोप्या, माझ्या कानात सैल होत्या. मला ते कळत नव्हतं, कारण तो गळून पडत नव्हता. पण हवेला बारीकशी फट मिळाली की सगळ्यात आधी जातात ते खालचे स्वर. भाच्यानं फोमच्या टिप्स आणून दिल्या. बोटानं दाबून कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. त्या बसल्या आणि सोळाशेच्या आयईएममध्ये डग्ग्याची मींड जागेवर आली. शिवाय बाहेरची घरघर घटली, म्हणजे आवाज वाढवायचं कारणच उरलं नाही. ड्रायव्हरांच्या सगळ्या फरकापेक्षा हा फरक मोठा होता.

तरी सात हजारांच्या वस्तूतला तो जादा ड्रायव्हर नेमकं काय करतो, हे मला पाहायचंच होतं. भाच्यानं युक्ती काढली. दोन्ही आयईएमच्या नळीचं तोंड आधी चिकटपट्टीनं आणि वरून मेणानं बंद केलं, म्हणजे हवेची वाट बंद. मग कवच कानामागच्या हाडावर टेकवून ऐकायचं. साधा आयईएम डासासारखा क्षीण वाजला. दुसरा बोटानं जोरात दाबला तर त्यातून 'धा' आणि 'तिं' वेगवेगळे ओळखू आले. ड्रायव्हर खोटा नव्हता, तो काम करत होता. मग बोटाचा दाब हळूहळू कमी केला, कानात घातल्यावर कवच जेवढं सहज टेकतं तेवढा होईपर्यंत. आवाज विरत विरत जवळपास नाहीसा झाला. त्या काचेच्या खोलीतली स्टीलची पट्टी आठवली. आयईएमला डोक्यावरून पट्टी नसते. तो कानाच्या खळग्यात बसतो, आणि तिथं हाड नसून कूर्चा असते. कूर्चेतूनही आवाज चांगला पोचतो. जपानमध्ये नारा इथले कानाचे डॉक्टर होसोई यांनी २००४ मध्ये हे दाखवलं आणि त्यावर आधारलेली श्रवणयंत्रंही पुढं निघाली. पण तिथंही कंपन पावणारा भाग कूर्चेला नीट भिडलेला लागतो. माझ्या कानाचा खळगा मोठा असावा. कवच त्यात आरामात बसतं, आणि आरामात बसतं म्हणजेच भिडत नाही.

हे माझ्या कानाचं झालं. तोच आयईएम भाच्याच्या कानात चपखल, जरा रुतूनच बसतो. २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर लावल्यावर तो म्हणाला, "मामा, मधे कुठंतरी कानाला हात लावल्यासारखं होतंय." मी त्याच्या कवचावर बोट ठेवलं तर थरथर लागत होती. त्याला बीटमध्ये ठोका जाणवतो, मला जाणवत नाही, आणि आम्ही दोघंही खरं सांगतोय. त्यामुळे असा आयईएम एखाद्याच्या परीक्षणावरून घेऊ नये, स्वतःच्या कानात घालून पाहिल्याशिवाय तर नाहीच. डोळे मिटून, कोणता हेडफोन ते न सांगता ऐकण्याचाही प्रयत्न केला, पण वजनावरून लगेच ओळखू यायचा, म्हणून तो नाद सोडला. शेवटी सात हजार आठशेचा भाच्याकडे राहिला. गाण्याचा आवाज त्यात सुंदर येतो हे मात्र सांगायला हवं. पण ते श्रेय मी एकट्या हाडाच्या ड्रायव्हरला देणार नाही.

सहकाऱ्याचा पट्टा मी आणला होता एसटीसाठी. तिथं तो चालला नाही. कान उघडे, इंजिनाचा आवाज सरळ आत, आणि डग्गा ऐकायला आवाज वाढवला की गालाच्या हाडाला गुदगुल्या. कानात फोमचे बोळे घालून वर पट्टा लावला तर खर्ज चांगला भरतो, पण मग कंडक्टरनं तिकीट मागितलेलंही कळत नाही. शिवाय डावं-उजवं नीट वेगळं होत नाही. एका बाजूच्या हाडाचं कंपन दोन्ही अंतःकर्णांपर्यंत पोचतं, त्यामुळे तबला इकडे आणि डग्गा तिकडे अशी जी मांडणी ध्वनिमुद्रणात असते ती मधोमध गोळा होते. आणि हाडातून ऐकलं म्हणून कान वाचतो असंही नाही. श्रवणाचे शास्त्रज्ञ बेकेशी यांनी १९३२ मध्ये ४०० हर्ट्झचा हाडातून दिलेला सूर हवेतून दिलेल्या सुरानं पूर्णपणे पुसून दाखवला होता. म्हणजे दोन्ही वाटा आत एकाच जागी जातात. माझा ४००० हर्ट्झचा खड्डा कोणत्याही वाटेनं वाढू शकतो.

पट्टा परत करायच्या आदल्या रात्री मी रियाजाला बसलो आणि लेहरा, म्हणजे तबल्याला ताल धरायला फिरत राहणारी धून, फोनच्या स्पीकरऐवजी त्यावर लावला. आतापर्यंत माझी पंचाईत अशी व्हायची की लेहरा फोनवर लावला तर तबल्याखाली बुडायचा, आणि आयईएमवर लावला तर लेहरा स्वच्छ पण स्वतःचा तबला कापसातून आल्यासारखा. त्या रात्री पहिल्यांदा सारंगीचा लेहरा गालाच्या हाडातून येत होता आणि माझा तबला समोरून, मोकळ्या कानांनी. शाईवरची आस, किनारीची चाट, डग्ग्यावर मनगट थोडं जास्त दाबलं गेल्यावर फुटणारा बेसूर, सगळं जसंच्या तसं. सारंगी मधल्या पट्टीत वाजते, म्हणून पट्ट्याला खर्ज कमी असल्याचं इथं काही वाटत नाही. ब्लूटूथमुळे आवाज क्षणभर उशिरा येतो तोही अडचणीचा नाही, कारण उशीर कायम सारखा असतो आणि मला त्या लेहऱ्यालाच धरून वाजवायचं असतं.

तसाच पट्टा मग मी स्वतःसाठी घेतला, सात हजारांच्या आत मिळाला. चष्म्याच्या काड्यांवर तो चढतो, म्हणून रियाजाच्या वेळी चष्मा काढून ठेवतो. पाऊण तासानंतर गालाचं हाड थोडं दुखतं, तेव्हा तो उतरवून पाणी पितो. एसटीत सोळाशेचा आयईएम, फोमच्या टिप्स, आणि आवाज पूर्वीपेक्षा तीन पायऱ्या खाली. परवा हातकणंगल्याच्या फाट्यावर बस थांबली, इंजिन बंद झालं, आणि सरांच्या डग्ग्याची एक लांब मींड शेवटपर्यंत ऐकू आली. ती कुठं संपते ते मला आधी माहीतच नव्हतं. संध्याकाळी तीच काढायला बसलो. अजून मनगट तितकं सरकत नाही.