गाणे ऐकण्यासाठी एक खोली: माझा अनुभव

मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर पुण्यातल्या आमच्या सदनिकेतली एक खोली मोकळी झाली आणि तेथे केवळ गाणे ऐकण्याची सोय करायचे आम्ही ठरवले. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जुनेच ठेवायचे आणि खर्च खोलीवर करायचा, हे मी आधीच पक्के केले होते. कारण उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत कितीही महागडे स्पीकर आणले, तरी त्यांच्या आवाजात खोलीचा आवाज मिसळल्याशिवाय राहत नाही.

खोली 4.2 मीटर लांब, 3.2 मीटर रुंद आणि 2.8 मीटर उंच आहे. ध्वनीच्या सेकंदाला सुमारे 344 मीटर या वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की 41 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 41 कंपने, येतात. तसेच रुंदीचे 54 आणि उंचीचे 61. या वारंवारतांना आणि त्यांच्या पटींना खोली स्वतःच घुमू लागते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार सुमारे 69 हर्ट्झवर असते आणि डग्ग्याचा घुमाराही तिच्यापासून फार दूर नसतो, म्हणजे आपल्या मैफलीचा पायाच खोलीच्या ताब्यात जातो.

म्हणून सर्वांत आधी जागा ठरवल्या. लांबीच्या बरोबर मध्यावर 41 हर्ट्झचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसले की तोच अंगावर येतो. तेव्हा खुर्ची त्या भिंतीपासून 1.6 मीटरवर ठेवली. दोन्ही स्पीकर समोरच्या भिंतीपासून मीटरभर पुढे आणि एकमेकांपासून 1.8 मीटरवर असे मांडले, की खुर्चीसह समभुज त्रिकोण व्हावा. एवढ्यानेच गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहिला आणि यासाठी एक रुपयाही लागला नाही.

त्यानंतर मी खुर्चीत बसलो आणि पत्नीने बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवत नेला. आरशात जिथे स्पीकर दिसला, तिथे खडूने खूण केली. त्या जागेवरून परतणारा आवाज थेट आवाजाच्या मागोमाग, सुमारे 3 मिलिसेकंदांनी कानावर येतो आणि वाद्यांच्या जागा धूसर करतो. तिथे लावायच्या, आवाज शोषणाऱ्या चौकटी आमच्या सुताराने केल्या. त्यांत 48 किलो प्रति घनमीटर घनतेचे, 100 मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरले आणि वरून मांजरपाट ताणून ठोकला. कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर मारून पाहावी. हवा आरपार गेली नाही, तर आवाजही आत नीट शिरत नाही. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी हवीच, कारण त्याचे तंतू त्वचेला आणि घशाला खाजवतात.

कोपऱ्यांत याहून जाड चौकटी उभ्या केल्या. अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम यांनी खर्ज आवरत नाही: 41 हर्ट्झच्या लहरीची चतुर्थांश लांबीच 2 मीटरहून अधिक भरते. मागच्या भिंतीला मात्र पुस्तकांचे कपाटच राहू दिले. सगळीकडे शोषक लावले की खोली निर्जीव होते आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, मालवते.

शेवटी मापनाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून कोणत्या वारंवारतेला आवाज किती येतो याचे आलेख काढले. खालच्या स्वरांतला एक उंचवटा अजूनही थोडा उरला आहे, तो ईक्वलायझरने, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, उतरवता येतो. खोलीमुळे पडलेला खड्डा मात्र ईक्वलायझरने भरत नाही. तिथे जास्त शक्ती ओतली तरी ती रद्दच होते, म्हणून त्यासाठी खुर्ची किंवा स्पीकर थोडे थोडे सरकवत पुन्हा मापन करावे लागते आणि ते काम माझे अद्याप चालू आहे.