एका किलोमीटरमागे किती कार्बन?

मुंबईत गाडी बदलताना हिशेब होतो तो पैशांचा. कार्बनचा हिशेब तितकाच सोपा आहे, आणि तोही सही करण्याआधी मांडायला हवा.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. छोटी गाडी पश्चिम द्रुतगती मार्गाच्या गर्दीत लिटरला 14 किलोमीटर देते असं धरू: किलोमीटरला 164 ग्रॅम. सीएनजी किलोमागे 2.75 किलो देतो, पण तीच गाडी किलोला 22 जाते, म्हणजे 125 ग्रॅम. इलेक्ट्रिक गाडी मीटरच्या एका युनिटवर साधारण साडेसहा किलोमीटर धावते. देशाच्या ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, युनिटमागे सुमारे 0.72 किलो धरला तर 110 ग्रॅम. शिवाय बॅटरी बनवताना पडणारा कार्बन वेगळाच, त्यामुळे कमी चालणाऱ्या घरासाठी मोठी बॅटरी घेऊ नये.

मग सीएनजी आणि वीज सारखीच? नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 30 पट तापवतो. विहिरीपासून इंजिनापर्यंत शंभरातला 3 भाग जरी गळला, तरी किलोमीटरमागे 40 ग्रॅम वाढतात आणि पेट्रोलवरचा फायदा पुसला जातो. आपल्या हातात गाडीची गळती असते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह, हाय प्रेशर पाइपचे नट आणि गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे फुगले की गॅस बंद करून गाडी थेट मेकॅनिककडे न्या. नट स्वतः आवळू नका. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, दर 3 वर्षांनी. सिलिंडर बांधणाऱ्या पट्ट्याखाली खाऱ्या हवेचा गंज धरतो, तिथेही बघा.

ई20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, मी फार भरवसा ठेवत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज सहा-सात टक्के घटू शकतं. आणि आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणात उसातून येतं, पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यांतून. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि ओ-रिंग मात्र तपासून घ्या.

विजेची बाजू अशी की गाडी तीच राहते आणि ग्रिड स्वच्छ होत गेला की तिचे ग्रॅम आपोआप उतरतात. वीज कंपनीकडे हरित दर मागता येतो. रविवारी दुपारी, सौर वीज भरपूर असताना चार्ज केलेलं अधिक चांगलं.

अडचण येते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये. साडेतीन किलोवॉटच्या आतला चार्जरही सलग सात-आठ तास 14-15 अँपिअर ओढतो. घरगुती 16 अँपिअरच्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या इतका वेळ तग धरत नाहीत: सैल पडतात, तापतात, आणि पिनच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटतं. ते दिसलं की सॉकेट बदलायचंच. मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 20 अँपिअर एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट लावा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर मध्यरात्री फॉल्ट दाखवून थांबतो. दोष बहुधा गाडीचा नसतो. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या अंगाला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा.