कुगाव ते कळाशी : मोटारसायकलीसह उजनी ओलांडताना

जानेवारीत सोलापूरहून मोटारसायकलवर निघालो. टेंभुर्णीला महामार्ग सोडला, जेऊरवरून करमाळा गाठलं, कमलादेवीचं दर्शन घेतलं आणि रात्री चिखलठाणला आत्याकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मावसबहिणीकडे कळाशीला जायचं होतं. कळाशी इंदापूर तालुक्यात, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्याच्या पलीकडे. रस्त्याने जायचं तर पुन्हा टेंभुर्णी, मग भीमानगरचा पूल, मग इंदापूर. समोर दिसणाऱ्या गावासाठी एवढा वळसा. म्हणून कुगावहून पाण्यावरूनच जायचं ठरवलं.

आत्याने रात्रीच बजावलं, "जायचं तर सकाळी जावा. दुपारी वारं सुटतंय."

साडेसातला कुगावच्या काठावर पोहोचलो. लाँच म्हणजे इंजिन लावलेली मोठी होडी, तिच्यात चारचाकी मावत नाही. गाडी फळीवरून चढवावी लागते. चालवत नेऊ नका, इंजिन बंद करून दोघांनी ढकला. आत गेल्यावर गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर लावा आणि दोरी बांधून घ्या. आमच्या लाँचमध्ये मासळीच्या पेट्या होत्या, चिलापीच्या. त्यांच्यामुळे फळी निसरडी झाली होती, चप्पल सटकत होती. बूट घाला.

पाणी इतकं निवांत होतं की पलीकडची उसाची हिरवी रेघ त्यात उलटी दिसत होती. तरी मी लाइफ जॅकेट मागून घेतलं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी याच मार्गावर, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते, एकच पोहून वाचला. वळवाचा वारा सांगून येत नाही, आणि इथे अडवायला डोंगर नाही की झाड नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर लाँचमध्ये पाऊल टाकू नका. जॅकेट नसेल तर काठावरच थांबा, कितीही घाई असो. लहान मूल असेल तर त्याच्या मापाचं आहे का ते आधी बघा.

दुसरी गोष्ट, निघण्याआधी लाँच चालू आहे का, ते कुगावात किंवा चिखलठाणला विचारा. धरणाचा साठाही बघा. उजनीची क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले सुमारे 63 मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी न वापरता येणारा साठा. उन्हाळ्यात धरण "मायनस"मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेलं की काठ मागे सरकतो, चढ-उताराची जागा बदलते आणि मधे गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पण त्यात गाडीचं चाक रुततं. अशा वेळी स्थानिक माणसाच्या मागोमाग चालत जा. मात्र पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ बघायचं असेल, तर तेच दिवस. पाणी भरलं की ते बुडतं. रोहित पक्षी बघायचे तर हिवाळ्यात भिगवणकडे जा.

कळाशीला उतरल्यावर चढ तीव्र होता. मागून दोघांनी हात दिला नसता तर गाडी घसरलीच असती. गाडीवर जास्त सामान लादू नका.

बहिणीकडे जेवण लांबलं. दुपारी परत काठावर आलो तर पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या होत्या. लाँचवाल्या मामांनी बघितलं आणि म्हणाले, "आता न्हेत नाही." आम्ही गाडी वळवली आणि इंदापूरवरून, भीमानगरच्या पुलावरून सोलापूरला आलो.