ड्राफ्टची वही: २०११, फ्रेडेटचे ४३ गुण आणि त्याच कोर्टवरचा लेनर्ड

२००९ चं पान संपलं, या वेळी २०११ चा ड्राफ्ट उघडलाय, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या संघांनी क्रमानं नवे खेळाडू निवडायची ती रात्र. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. कॉलेजचा एखादा जुना सामना अख्खा बघायचा, हायलाइट्स चालणार नाहीत, कॉमेंट्रीचा आवाज बंद. वहीत रकाने तीनच. चेंडू हातात नसताना पोरगा काय करतो? एनबीएत तो कुणाला अडवू शकेल? आणि जी खोट दिसते ती शिकवून जाईल, की उंचीसारखी कायमची आहे? गुणांचा रकाना मी काढूनच टाकलाय. कॉलेजात कुणी किती गुण केले ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि नेमकी त्यामुळेच बाकीच्या गोष्टींवर नजर जात नाही.

पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक असतं, हा या उद्योगातला मोठा घोळ. त्यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक शेऱ्यापुढे सामन्यातलं मिनिट लिहायचं. त्या मिनिटाला जे दिसलं नाही, ते वहीत नाही.

सामना घेतला २६ जानेवारी २०११ चा, युटामधल्या प्रोव्होचा. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाची टीम सलग २० सामने जिंकून आलेली आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं त्यांना ७१-५८ नं हरवलं. त्यात ब्रिगहॅम यंगच्या जिमर फ्रेडेटचे एकट्याचे ४३. त्या मोसमात त्याची सरासरी २८.९ होती, देशात सर्वाधिक. समोरच्या संघात कवाय लेनर्ड नावाचा दुसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड (बास्केटच्या जवळपास खेळणारा उंच खेळाडू). एकाच कोर्टवर दोघंही सापडतात, म्हणून हा सामना सोन्यासारखा.

फ्रेडेटबद्दल पहिली शंका आपल्याला क्रिकेटमुळे सुचते: रणजीतल्या पाटा खेळपट्टीवरच्या धावा असतील! पण नेम खोटा नव्हता. तेव्हा कॉलेजची थ्रीची रेषा (जिच्या मागून टाकलेल्या बास्केटचे तीन गुण) २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएची २३ फूट ९ इंचांवर (कोपऱ्यात २२ फूट). हा गडी कॉलेजच्या रेषेच्या कितीतरी मागून बिनधास्त मारायचा. पुढे एनबीएतही त्याची थ्रीची टक्केवारी ३७ च्या आसपास राहिली, म्हणजे शूटिंग वरच्या पातळीवर टिकलं. गुणांची सरासरी मात्र सहाच्या घरात अडकली.

कारण पहिल्या दोन रकान्यांत आहे. ब्रिगहॅम यंगचं सगळं आक्रमण त्याच्याभोवती फिरायचं. चेंडू त्याच्याकडे, स्क्रीन (बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं) त्याच्यासाठी, आणि बचावात त्याला जमेल तितकं झाकायचं, फाउल वाचवायचे. एनबीएत हा थाट संघातल्या एखाद्या-दोघांच्याच वाट्याला येतो. बाकीच्यांनी मोजक्या वेळा चेंडूला हात लावून तेवढ्यात कामाचं काहीतरी करायचं असतं आणि समोरच्या गार्डलाही (चेंडू खेळवत आणणाऱ्या खेळाडूला) रोखायचं असतं. ६ फूट २ इंच उंची, पावलांचा वेग बेताचा, त्यामुळे माझा दुसरा रकाना कोराच राहिला. ड्राफ्टच्या वेळी वय २२, म्हणजे वाढायला वावही कमी.

आता लेनर्ड. वय १९, ड्राफ्टनंतर काही दिवसांनी विशीत. उंची ६ फूट ७ इंच, पसरलेले हात ७ फूट ३ इंच. त्या मोसमात १५.५ गुण आणि १०.६ रीबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), दर सामन्याला. चेंडू त्याच्याकडे नसतानाच माझं पान भरत गेलं: फेकीआधी जागा पकडणं, दुसऱ्याचा माणूस सुटला की मदतीला धावणं, हाताच्या टप्प्यात आलेला चेंडू न सोडणं. यासाठी प्रशिक्षकाला एकही खास चाल आखावी लागत नाही.

खोट होती थ्रीची. टक्केवारी २९, आणि प्रयत्नही मोजके. इथे माझी एक आवडती खिडकी आहे: फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक. तिथे अंगावर कुणी येत नाही, घाई नसते, उरतो तो निव्वळ हात. लेनर्डचे फ्री थ्रो ७६ टक्के. म्हणजे हात बरा आहे, फेकण्याची रीत सुधारायला हवी. तो ज्यांच्याकडे गेला त्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाकडे चिप एंगलँड हे शूटिंगचे प्रशिक्षक होते. त्यांनी त्याचा चेंडू सोडण्याचा कोन बदलला आणि पहिल्याच मोसमात तो ३७ टक्क्यांच्या पुढे गेला. नंतर २०१४ आणि २०१९ चा फायनल्स एमव्हीपी, म्हणजे अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. पण दुसऱ्या एखाद्या संघात हे इतक्या लवकर झालं असतं का? मला शंका आहे. खेळाडू जोखताना तो कुणाच्या हाती पडणार, हेही धरावं लागतं.

गंमत बघा. २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे सामने झाले ते किंग्ज आणि पेसर्सचे. २०११ ला दहाव्या क्रमांकावर फ्रेडेट घेतला किंग्जनी (कागदावर निवड मिलवॉकीची, त्यांनी तो किंग्जना दिला), आणि पंधराव्या क्रमांकावर लेनर्ड निवडून त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात स्पर्सना दिला पेसर्सनी. लेनर्डला हातचा घालवणारे दोन्ही संघ आपल्या मुंबईत! मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे किंग्जचे मालक झाले २०१३ मध्ये, तेव्हा हे पाप त्यांच्या माथी नाही.

मधल्या अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्पसन गेला. त्याच्यावर लांबण लावत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्यानं २९ मिनिटांत ६० गुण केले, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) फक्त ११. पहिला रकाना म्हणजे काय, हे यावरून कळेल.

माझी पद्धत जिथे अडते तो माणूसही याच ड्राफ्टमधला: आयझेया थॉमस. ५ फूट ९ इंच, शेवटचा ६० वा क्रमांक, तोही किंग्जनीच घेतलेला. दुसरा रकाना त्याचाही कोरा, उंचीची खोट कायमची. तरी २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून सरासरी २८.९, फ्रेडेटच्या कॉलेजइतकीच! दोघांत फरक दिसतो तो बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात घुसून धक्का घेत बास्केट करण्याचा. त्यासाठी चौथा रकाना घालायचा विचार आहे, पण एका माणसापायी वही बदलावी का, हे अजून ठरत नाही.

पुढचं पान २०१२ चं: सहाव्या क्रमांकाचा डेमियन लिलार्ड आणि पस्तिसाव्याचा ड्रेमंड ग्रीन. ग्रीनच्या मिशिगन स्टेटचे सामने मिळतात. लिलार्डच्या वेबर स्टेटचा अख्खा सामना कुणाकडे असेल तर कळवा, तुकडे नकोत.